चालत्या विमानतळाचें बांधकाम



आमच्या वर्तकनगरांत जुन्या वसाहतीच्या इमारती पाडून त्यांच्या जागीं उंच मनोरे उभे राहत आहेत, हें ठाण्याकडील श्रोत्यांस सांगावयास नकोच. इमारत पाडावयाची ठरली कीं बिऱ्हाडें हलतात. कोणी पोखरण रस्त्याला भाड्याची जागा पाहतो, कोणी डोंबिवलीस बहिणीच्या शेजारीं जाऊन राहतो. देव्हारा, शिवणयंत्र आणि तुळशीची कुंडी एकाच टेंपोंत चढते. गैरसोय होते खरी. पण बांधणाऱ्यास मोकळी जागा मिळते, आणि कांहीं वर्षांनीं नव्या घराची किल्ली हातीं येते. आज ज्या वास्तूविषयीं मी बोलणार आहें तिच्या नशिबीं ही सोय नव्हती. मुंबईचा विमानतळ भाड्याच्या जागेंत राहावयास जाऊं शकत नाहीं. त्याला राहत्या घरांतच, पाहुण्यांची वर्दळ चालू असतां, चूल न विझवितां, भिंती पाडाव्या लागल्या.

घर बदलून मोकळीं झालेलीं शहरें जगांत आहेत. हाँगकाँगनें १९९८ च्या जुलै महिन्यांत भरवस्तींतला काई-ताक विमानतळ एका रात्रींत बंद केला आणि सारा संसार उचलून दुसऱ्या सकाळीं नव्या जागीं मांडला. परंतु त्याआधीं एक बेट सपाट करून आणि भोंवतालचा समुद्र भरून नवें घर सिद्ध करण्यांत आलें होतें. मुंबईला असें दुसरें घर कित्येक वर्षें नव्हतेंच.

मुंबईचें पहिलें विमानस्थानक जुहूचें, १९२८ सालचें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आपल्या चिमुकल्या विमानांतून उतरले ते तेथेंच. दुसऱ्या महायुद्धांत सान्ताक्रूझला लष्करी विमानांसाठीं तळ झाला आणि युद्धानंतर नागरी वाहतूक तिकडे गेली. पुढें १९८० च्या सुमारास पूर्वेकडे, सहारला, परदेशी जाणाऱ्या उतारूंसाठीं नवी इमारत उठली. तोंवर शहर चोहोंकडून येऊन तळाला भिडलें होतें. आज एकीकडे कुर्ला, दुसरीकडे विलेपार्लें, मधून मिठी नदी, आणि तीहि एके ठिकाणीं धावपट्टीच्या पोटाखालून वाहते! कुंपणाबाहेर एक पाऊल टाकावें तर कोणाच्या तरी घरावर पडावें, अशी स्थिति.

यांत आणखी एक अडचण आहे. या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत. एक सुमारें साडेतीन किलोमीटर लांबीची, दुसरी तीन किलोमीटरांहून थोडी कमी. पण त्या एकमेकींस छेदून जातात. त्यामुळें एकीवर विमान धांवत असतां दुसरीनें थांबावें लागतें. नांवाला दोन, कामाला एक. या एकीच्या बळावर ८ डिसेंबर २०१८ रोजीं चोवीस तासांत १,००७ विमानें चढलीं-उतरलीं. भागाकार करून पाहा: दर दीड मिनिटाच्या आंत एक.

अशा जागीं २००६ सालीं, विमानतळाचा कारभार नव्या कंपनीकडे आल्यानंतर, विस्ताराचें काम हातीं घेतलें गेलें. सहारला जुनी इमारत होती तेथेंच नवी उभारावयाची, आणि जुनीचें दार एक दिवसहि लावावयाचें नाहीं, ही अट. नवी इमारत वरून पाहिली तर इंग्रजी एक्स अक्षरासारखी दिसते. पुष्कळांस वाटतें कीं ही शिल्पकाराची हौस. मीहि बरेच दिवस तसेंच समजत होतों. वस्तुतः हा आकार त्या अटींतून जन्मला. नकाशा तयार करणाऱ्या अमेरिकन शिल्पकार-संस्थेनें स्वतःच सांगितलें आहे कीं उभ्या असलेल्या इमारतींना वळसा घालून जातां यावें आणि तुकड्यातुकड्यांनीं बांधतां यावें, म्हणून ही लांबट बाहूंची आकृति योजिली. जेथें जागा रिकामी होती तेथें आधीं बांधावयाचें. उतारूंना त्या नव्या भागांत आणावयाचें. मग जुना भाग पाडून त्याच्या जागीं उरलेले बाहू पसरावयाचे. माडीवर नवें स्वयंपाकघर पेटल्यावर खालचें पाडावें, तसाच हा प्रकार.

१० जानेवारी २०१४ रोजीं तत्कालीन पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्तें उद्घाटन झालें आणि १२ फेब्रुवारीपासून परदेशगमनाचे उतारू नव्या इमारतींत येऊं लागले. प्रचंड छत, त्याला आधार केवळ तीस महास्तंभांचा. वर्षाला चार कोटि उतारूंची सोय. भिंतींवर देशाच्या नाना प्रांतींच्या कलावस्तु. वर्तमानपत्रांतून वर्णनें आलीं, आणि तीं यथार्थ होतीं. परंतु ज्या कामाचें वर्णन फारसें कोठेंच आलें नाहीं तें मला अधिक मोलाचें वाटतें. तें म्हणजे धावपट्टीच्या दुरुस्तीचें.

इमारतीला वळसा घालतां येतो. धावपट्टीला कोठून घालणार? आणि दोन पट्ट्या जेथें एकमेकींस छेदतात त्या चौकाचें डांबर उखडावयाचें म्हणजे दोन्ही बंद. २०१९ सालीं ७ फेब्रुवारी ते ३० मार्च या काळांत मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, सकाळीं अकरा ते सायंकाळीं पांच, असे सहा सहा तास मागून घेऊन हें काम योजण्यांत आलें. आम्हां ठाणेकरांस ही रीत ओळखीची आहे. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस ठाणें स्थानकाचा पांचवा फलाट रुंद करावयाचा होता, तेव्हां रेल्वेनें त्रेसष्ट तासांचा मेगाब्लॉक घेतला, शेंकडों गाड्या रद्द केल्या आणि कारखान्यांत आधीं ओतून ठेवलेले कॉंक्रीटचे पोकळ ठोकळे आणून फलाट रचला. त्रास झाला. पण लोकल रद्द झाली तर मनुष्य बस पकडतो किंवा घरीं राहतो. लंडनहून निघालेलें विमान अरबी समुद्रावर आल्यावर त्याला घरीं राहा असें सांगतां येत नाहीं.

मुख्य धावपट्टीची पाळी त्याच वर्षाच्या शेवटीं आली. ४ नोव्हेंबर २०१९ पासून २८ मार्च २०२० पर्यंत, रविवार वगळून रोज साडेनऊ ते साडेपांच ती बंद ठेवून नवा थर घालावयाचा आणि संध्याकाळीं पुन्हा विमानांच्या स्वाधीन करावयाची, असा क्रम ठरला. या 'पुन्हा स्वाधीन करण्यां'त काय काय येतें हें ध्यानांत घ्या. दिवसा घातलेलें डांबर थंड होऊन घट्ट बसलें पाहिजे. नवा थर जेथें संपतो तेथें पायरी राहूं नये म्हणून तात्पुरता सौम्य उतार करावा लागतो; उद्यां पुढचें काम सुरू करतांना तोच खरडून काढावयाचा. दिवे, रेषा, खुणा जागच्या जागीं हव्यात. आणि शेवटीं माणसांनीं सारी पट्टी डोळ्यांखालून घालावयाची, कारण विसरलेला एक खिळा किंवा खडीचा एक खडा इंजिनाच्या पोटांत गेला तर अनर्थ. रस्त्यावर खडी राहिली तर टायर पंक्चर होतो आणि आपण नगरपालिकेला दोष देतों. येथें ती चैन नाहीं.

(जातां जातां दैवाची एक थट्टा सांगतों. हें काम संपत यावयाचें त्याच आठवड्यांत, २५ मार्च २०२० पासून, साथीमुळें देशांतील प्रवासी विमानें थांबलीं. जी मोकळीक घड्याळ हातीं धरून तासांनीं मागावी लागत होती, ती अशी आपण होऊन दारीं आली!)

या दक्षतेची किंमत केवढी, याचें उदाहरण तैवानांत घडलें. ३१ ऑक्टोबर २००० च्या रात्रीं, वादळी पावसांत, सिंगापूरहून आलेलें आणि लॉस एंजेलिसला जाणारें एक मोठें विमान तैपेईच्या विमानतळावरून निघालें. तेथें शेजारीं शेजारीं दोन समांतर पट्ट्या होत्या. पैकीं एकीचें दुरुस्तीचें काम चालू होतें आणि ती उड्डाणासाठीं बंद होती. विमान चुकून तिच्यावरच वळलें, वेगांत आलें, आणि मधोमध ठेवलेल्या बांधकामाच्या यंत्रांवर आदळलें. १७९ जणांपैकीं ८३ प्राणांस मुकले. वैमानिक अननुभवी नव्हते आणि विमानांत बिघाड नव्हता. बंद वाट बंद आहे हें अंधारांत आणि पावसांत पुरेसें दिसलें नाहीं, हेंहि त्या अनर्थाच्या कारणांपैकीं एक होतें. चालत्या विमानतळावर बांधकाम करणें म्हणजे रोज थोडी वाट बंद करणें आणि रोज ती सर्वांस दिसेल अशी ठेवणें.

आंतल्या वाटांचेंहि तसेंच आहे, जरी तेथें प्राणांशीं गांठ नसते. काम चाललेल्या एका विमानतळावर (त्याचें नांव मुद्दामच घेत नाहीं) पत्र्याच्या आडोशापाशीं एक वृद्ध जोडपें उभें असलेलें मीं पाहिलें. पाटीवरचा बाण त्यांना ज्या दाराकडे पाठवीत होता तें दार त्या आठवड्यांत बंद झालें होतें. आजोबा बाणावर विश्वास ठेवून दोनदां जाऊन आले. आजी म्हणाल्या, "अहो, पाटीला विचारूं नका, माणसाला विचारा." शेवटीं एका झाडूवाल्या बाईनें त्यांना योग्य दारापर्यंत नेलें. लक्षावधि रुपयांच्या संगमरवरापेक्षां वेळच्या वेळीं बदललेली एक पाटी उतारूच्या अधिक उपयोगाची असते. ती फार स्वस्त असते, आणि बहुधा म्हणूनच ती कोणाच्या लक्षांत राहत नाहीं.

उतारूच्या पदरचे पैसेहि यांत गेले आहेत. मुंबईच्या कामासाठीं एप्रिल २००९ पासून देशांतल्या प्रवासाला शंभर आणि परदेशच्या प्रवासाला सहाशे रुपये असा विकासाचा आकार तिकिटावर बसूं लागला. २००९ सालीं ज्यानें तो भरला त्याला नवें छत दिसावयास पांच वर्षें होतीं. त्याच्या वांट्यास पत्रे आणि धूळ. असा आकार घेऊं नये असें मी म्हणत नाहीं. परंतु ज्यानें आधीं पैसे दिले त्याला काम कोठवर आलें, उद्यां कोणतें दार बंद होणार, हें विचारण्यापूर्वींच कळविणें हें बांधणाऱ्याचें देणें होय, उपकार नव्हे.

एवढें सारें करूनहि छेदणाऱ्या दोन पट्ट्या आहेत त्याच राहिल्या. दिवाणखाना मोठा झाला, अंगण तेवढेंच. म्हणून तर उलव्याचा डोंगर फोडून खाडीकांठीं नवी मुंबईचा विमानतळ करावा लागला. त्याचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें आणि २५ डिसेंबरपासून विमानें उडूं लागलीं. मुंबईला अखेर दुसरें घर मिळालें. सान्ताक्रूझची पहिली इमारत पाडून नवी बांधण्याचा मनोदय २०२५ सालींच जाहीर झाला आहे. तें काम निघेल तेव्हां तेथील कांहीं बिऱ्हाडें पलीकडे हलवितां येतील, आमच्या वर्तकनगरांत हलवितात तशीं. तोंवर आम्हां ठाणेकरांस एक नवा प्रश्न पडला आहे. पहांटे चार वाजतां वर्तकनगरच्या नाक्यावर टॅक्सींत बसल्यावर चालक विचारतो, "साहेब, कुठला?" आणि आपण खिशांतलें तिकीट काढून रस्त्याच्या दिव्याखालीं पुन्हा एकदां वाचतों.