हाताचे कसब आणि कागदाची साक्ष



परवा सायंकाळी ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. विमानाची चाके व ब्रेक दुरुस्त करण्याचा लहानसा कारखाना काढावा, असा त्याचा मानस आहे. तो म्हणाला, "सर, हात तयार आहे, पण सरकारी मान्यतेचे कागद पाहून छाती दडपते. काम चोख असले म्हणजे पुरे नाही का?"

मी त्यास १९९० सालची एक घटना सांगितली. १० जून रोजी बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची वैमानिकापुढील काच आकाशात उडाली आणि कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्यास घट्ट धरून ठेवले. सहवैमानिकाने विमान साउदम्प्टनला उतरविले. सर्वांचे प्राण वाचले. ती काच उड्डाणापूर्वी २७ तास बदलली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ कमी जाडीचे निघाले. बसविणारा मनुष्य नवशिका नव्हता. परंतु पुस्तकातील क्रमांक न पाहता त्याने जुन्या बोल्टाशी नवा नजरेने जुळविला होता. शिवाय काम करणारा तोच आणि सही करणाराही तोच!

आपल्याकडे नागरी विमानवाहतूक महासंचालनालय 'सीएआर-१४५' या नियमान्वये दुरुस्ती-संस्थांना मान्यता देते. कारखान्याची कार्यपद्धती लिहिलेली हवी, निर्मात्याची अद्ययावत पुस्तके हवीत, मोजमापाची हत्यारे वेळोवेळी पडताळलेली हवीत, प्रत्येक सुट्या भागाचे मूळ सांगणारा दाखला हवा, आणि कामावर स्वतंत्र देखरेख हवी. त्या बोल्टांची कथा ऐकल्यावर यांतील कोणती अट फुकट म्हणावी?

मात्र नियमांनीही माणसाची वाट अडवू नये. कांदिवलीतील घराच्या गच्चीवर विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांनी ते २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात लोकांपुढे मांडले. त्याची नोंदणी झाली २०१७ मध्ये, आणि उड्डाणचाचणीची परवानगी मिळाली २०१९ मध्ये. उद्योगी माणसाच्या आयुष्यातील ही वर्षे थोडी नव्हेत. कसोटी कठोर असावी, पण उत्तर वेळेवर मिळावे.

"मग मी आरंभ कोठून करू?" त्याने विचारले. मी म्हटले, "जेवढे काम खरोखर येते, तेवढ्याचीच मान्यता माग. आणि आजपासून प्रत्येक काम लिहून ठेव."

निरोप घेण्यापूर्वी त्याने बाड्यावरच्या एका दुकानातून जाड नोंदवही विकत घेतली.