वारा कोणाच्या मालकीचा?



वसंतात व्याख्यान ठेवायचे आणि विषय द्यायचा वाऱ्याचा, हा वक्त्यावर थोडा अन्यायच आहे. या दिवसांत आपल्याकडे दुपारी झाडाचे पान हलत नाही. खरा वारा सुटतो तो पावसाच्या तोंडाशी, आणि भाद्रपदापर्यंत टिकतो. सह्याद्रीच्या पवनचक्क्यांची वर्षाची बहुतेक कमाई त्याच दिवसांतली. एवढे ध्यानात असू द्यावे. पुढे त्याचे काम पडेल.

वाऱ्याचा हिशोब त्रैराशिकाने सुटत नाही. वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट नव्हे, आठपट होते. म्हणूनच दोन टेकड्यांच्या वाऱ्यात थोडासा फरक असला, तरी एकीवरची चक्की भांडवल फेडते आणि दुसरीवरची कर्ज वाढवते. पाटण तालुक्यातील वनकुसवडे, साताऱ्याजवळची चाळकेवाडी, धुळे जिल्ह्यात साक्रीकडचे ब्राह्मणवेल आणि आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील ढालगाव ही ठिकाणे याच हिशोबाने निवडली गेली.

तेथे चक्क्या कोणी उभारल्या? 1990 नंतरच्या दशकात सरकारची सवलत अशी होती की, चक्कीची सारी किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून नफ्यातून वजा करावी. ज्याचा नफा मोठा त्याचा कर मोठा वाचे. तेव्हा चक्की किती फिरते यापेक्षा ती मार्चअखेर उभी राहते की नाही, याचीच घाई अधिक! पठारावरच्या शेतकऱ्याने जमीन एकदा विकली, पैसा एकदा घेतला. चक्की मात्र वीस-पंचवीस वर्षे चालते. सवलत देणेच चूक होते असे आम्ही म्हणत नाही. तिच्यावाचून यंत्रे आली नसती. परंतु करासाठी आलेला मालक गावाचा होत नाही.

डेन्मार्कमध्ये गोष्ट निराळी घडली. तेथे पोल ला कूर नावाच्या शिक्षकाने 1891 साली आस्कोव येथील लोकशाळेत पवनचक्कीवर वीज करून दाखविली. पुढे शेजारीपाजारी भाग गोळा करून चक्क्या घेऊ लागले. 2000 साली कोपनहेगनसमोर समुद्रात 20 चक्क्या उभ्या राहिल्या. एकूण 40 मेगावॉट. त्यांतल्या निम्म्या सहकारी मंडळीच्या, आणि सभासद आठ हजारांहून अधिक.

यात आपल्याला नवल का वाटावे? विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला शेतकऱ्यांचा साखर कारखाना काढला, तो 1950 साली चालू झाला. ऊस पिकविणारा कारखान्याचा मालक होऊ शकतो, तर वीज वापरणारा चक्कीचा का होऊ नये?

कायदा आड येतो म्हणावे, तर तेही नाही. आम्ही तो पुन्हा पुन्हा वाचून पाहिला आहे. 2003 च्या वीज कायद्यात सभासदांच्या वापरासाठी वीज करणाऱ्या सहकारी संस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे. 2005 च्या नियमांप्रमाणे वापरणाऱ्यांची मालकी किमान 26 टक्के आणि त्यांचा वापर किमान 51 टक्के हवा. सहकारी संस्थेच्या बाबतीत ही अट सर्व सभासदांनी मिळून पुरी केली की झाले. 2022 च्या हरित विजेच्या नियमांत बाहेरून वीज आणण्याची मर्यादा 1 मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आली, आणि स्वतःच्या वापरासाठी वीज करणाऱ्याला तीही नाही.

आता आपले सोलापूर पाहा. चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग येथे. वारा सातारा-सांगलीच्या पठारावर. पावसाळ्यात वीज तिकडून यावी, आणि वारा पडल्यावर आपल्या उन्हाने दिवसाची तूट भरावी. पठारावरच्या शेतकऱ्याने जमीन विकू नये, तीच भाग म्हणून घालावी. असे तीन-चार जिल्हे एकत्र आले तरच हे जमेल. एकट्या सोलापूरचे हे काम नव्हे. आज आपल्या फताटेवाडीला 1320 मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. त्याचा कोळसा आगगाडीने येतो आणि पाणी उजनीचे लागते. ज्या शहरात नळाच्या पाण्याची वाट पाहण्यात बायकांचे आयुष्य गेले, तेथे पाण्यावाचून होणाऱ्या विजेचे मोल निराळे सांगायला नको.

सहकाराचे नाव काढले की लोक हसतात, हे आम्हांला ठाऊक आहे. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज संस्थेने चार दशके खेड्यांना वीज पुरविली. थकबाकीत बुडून 2011 साली तिचे काम महावितरणकडे गेले. पण ती संस्था वीज विकत घेऊन वाटत होती, स्वतः करीत नव्हती. शिवाय वसुलीत मुलाहिजा शिरला की संस्था मग कसलीही असो, टिकत नाही. बिल थकले तर अध्यक्षाच्या भाच्याचाही माग बंद पडला पाहिजे.

आमची एक अट मात्र आहे, आणि ती कारखानदार मित्रांना रुचणार नाही. स्वस्त विजेचा सगळा लाभ मीटर ज्याच्या नावावर आहे त्यानेच घ्यावा, हे आम्हांला मान्य नाही. वीज गेली की माग थांबतो, आणि नगावर मजुरी घेणाऱ्या कामगाराचा तो तास फुकट जातो. जो तोटा सोसतो त्याला लाभातही वाटा हवा. लहान भाग काढावेत, मजुरीतून हप्त्याने फेडून घ्यावेत, आणि संचालक मंडळावर कामगारांचा व पठारावरच्या शेतकऱ्यांचा निवडलेला माणूस असावा. हे पोटनियमांत आधी लिहिले जावे. यंत्र उभे राहिल्यावर कोणी लिहू देत नाही.

सवड पुष्कळ आहे. चक्कीआधी वारा मोजण्याचा खांब उभारावा लागतो, आणि निदान एक सबंध वर्ष नोंद ठेवावी लागते. तेवढ्या अवधीत पोटनियम लिहून, वाचून, भांडून होतील.