अंतःकरणाचें मिठागर

(रौप्यमहोत्सवाच्या आदल्या संध्याकाळीं मंदिरांत केलेलें प्रवचन)



उद्यां आपल्या धर्मग्रामास २५ वर्षें पूर्ण होत आहेत. मंदिराच्या भिंतींस नवा रंग लागला, घंटा लख्ख झाली, वेदीवर नवीं वस्त्रें आलीं. ही सिद्धता पाहून आम्हांस आनंद होतो; तथापि एक प्रश्न मनांतून जात नाहीं. उद्यां प्रभु येईल तो भिंतींकडे पाहील, कीं आपल्या अंतःकरणाकडे?

१९७० सालीं सिडकोची स्थापना झाली व पुढें हें नवें शहर वसलें. त्यापूर्वीं ह्या खाडीकाठीं भातशेती व मिठागरें होतीं. भरतीचें पाणी आंत घेण्यापूर्वीं आगरी बांधव वाफ्याची चिखलट जमीन पायांनीं तुडवून घट्ट करीत. मग पाणी वाफ्यांतून फिरे, गाळ खालीं बसे, ऊन पाणी आटवी, आणि शेवटीं मीठ हातीं येई. तळ कच्चा राहिला तर मिठांत माती मिसळे. प्रभूनें आपल्या शिष्यांस मिठाचीच उपमा दिली आहे. आपल्या अंतःकरणाचा तळ कसा आहे?

वर्षांतून निदान एकदां कुमसार करावा, असा नियम चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेनें १२१५ सालीं घालून दिला. सदसद्विवेकाची परीक्षा, पश्चात्ताप, पुन्हां पाप न करण्याचा निश्चय, पापांचें निवेदन व प्रायश्चित्त, हीं त्याचीं अंगें आपण बालपणींच पाठ केलीं. ह्यांत निश्चय हाच तो तळ होय. क्षमा प्रभूच्या कृपेनें तत्क्षणीं मिळते. जडलेली संवय मात्र तत्क्षणीं सुटत नाहीं. ती रोज तुडवावी लागते.

हें आम्ही केवळ ग्रंथांतून शिकलों नाहीं. कित्येक वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना, हिशेबावरून एका गृहस्थांशीं आमचा वाद झाला. चूक आमची होती, हें त्याच रात्रीं कळलें. पण गुरुपणाच्या अभिमानानें आठ महिने तें कबूल केलें नाहीं. रोज वेदीपुढें उभे राहत होतों, आणि मिस्सेनंतर ते गृहस्थ दिसले कीं मागच्या दारानें निघून जात होतों. अखेर आमच्याच कुमसारांत वृद्ध धर्मगुरूंनीं एवढेंच विचारलें, “त्यांच्या घरीं जाऊन आलांत काय?” आम्ही गेलों. क्षमा मागितली. त्यांच्या पत्नीनें चहा ठेवला; बोलणें फारसें झालें नाहीं. परंतु त्या दिवसापासून अभिमानाचा गाळ बसूं लागला. अजून तो पुरता बसला आहे, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

आपल्यांपैकीं पुष्कळ कुटुंबें वसईकडील आहेत. त्याच वसईचे संत गोन्सालो गार्सिया ह्यांनीं जपानांत येशूसंघाच्या धर्मगुरूंची सेवा केली. त्या संघांत प्रवेश मिळण्याची त्यांची आशा मात्र सफल झाली नाहीं. ते व्यापारांत पडले, यशस्वी झाले. पुढें तें सोडून मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु झाले. दुभाषी म्हणून ते पुन्हां जपानांत गेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें २५ सोबत्यांसह क्रूसावर हुतात्मा झाले. १८६२ सालीं पोप नववे पायस ह्यांनीं त्यांस संतपद दिलें. एक दार बंद झालें म्हणून त्यांनीं प्रभूकडे पाठ फिरविली नाहीं. असें शील एका दिवसांत घडत नाहीं.

बंधुभगिनींनो, ह्या मंदिरांत असे सख्खे भाऊ आहेत कीं जे जागेच्या वाटणीवरून एकमेकांशीं बोलत नाहींत, आणि एकाच वेदीपाशीं ख्रिस्तशरीर स्वीकारतात. आम्ही कोणाचें नांव घेत नाहीं. ज्याचें त्यास ठाऊक आहे. आज रात्रीं दहापर्यंत आम्ही कुमसार ऐकण्यास बसणार आहों. अवश्य या, पण येतांना किंवा जातांना त्या एका घराची पायरी चढा. दार उघडेल कीं नाहीं, ही चिंता प्रभूवर सोंपवा.

उद्यांच्या मिस्सेस अजून एक रात्र आहे. तेवढी पुरे आहे. प्रभु तुम्हांस बळ देवो. आमेन.