चिनी सॉसेज : एक वाळवण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



फळ्यावर विषय वाचून काहीजणींनी नाक मुरडले, ते मी पाहिले. ज्यांना मांसाहार वर्ज्य आहे त्यांना माझा आग्रह नाही. त्यांनी माहिती म्हणून ऐकावे.

आमचे बिऱ्हाड तीन वर्षे कोलकात्यात होते. तिथे टिरेट्टा बाजारात हे सॉसेज मिळे. शेजारच्या चिनी आजींनी मला ते रांधायला शिकवले. त्या त्याला ‘लाप चोंग’ म्हणत. डुकराचे मांस व चरबी बारीक कापून त्यात मीठ, साखर, सोया सॉस आणि थोडी दारू घालतात. स्वच्छ केलेल्या आतड्यात भरून, दोऱ्याने बांधून थंड वाऱ्यात वाळवतात. दक्षिण चीनमध्ये हे काम वर्षअखेरच्या थंडीत चाले. आपण उन्हाळ्यात पापड-कुरडया घालतो, तशीच ही त्यांची बेगमी.

आता कृती. भाताचे पाणी आटत आले की वर दोन कांड्या ठेवाव्या, घट्ट झाकण घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे वाफ द्यावी. चरबी वितळून भातात उतरते आणि भाताला गोडसर, खमंग चव येते. मग कांड्या तिरक्या, पातळ कापून भातावर पसराव्या. चार माणसांना दोन पुरतात. परतायच्या असतील तर कढईत तेल घालू नये. चकत्यांना सुटलेल्या चरबीतच कांदा, मटार व शिळा भात परतावा. मीठ बेतानेच घालावे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. वाळलेले असले तरी ते कच्चेच असते, म्हणून न शिजवता खाऊ नये. आणि रोज तर नकोच. असे खारवून टिकवलेले मांस वरचेवर खाल्ल्याने आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली जाहीर केले आहे. सणासुदीला ठीक.

आजींचे वडील १९६२ च्या युद्धात राजस्थानातील देवलीच्या छावणीत स्थानबद्ध होते. जन्म कोलकात्याचा, पण तोंडवळा चिनी, एवढ्यावरून ते परके ठरले. सुटल्यावर कित्येक कुटुंबे देश सोडून गेली. हे कुटुंब राहिले. त्याच घरातल्या आजी मला मराठी बाई म्हणून परकी न मानता चुलीपाशी बसवीत.

आपल्या आळीत भाडेकरू आला की आपला पहिला प्रश्न असतो, “तुम्ही काय खाता?” त्याऐवजी, “पाणी किती वाजता येते ते सांगू का?” असे विचारून पाहू या. ताट ज्याचे त्याचे, शेजार मात्र सगळ्यांचा.