खंजिरी आणि तुकडोजी महाराज

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत हिंगणी नांवाचें गांव आहे. बोर नदीच्या खोऱ्यांतलें हें गांव; एका अंगाला रान, दुसऱ्या अंगाला कपाशीचीं शेतें. अशा गांवचें संगीत कोणतें, असें शहरांतल्या माणसानें विचारलें, तर त्याला बहुधा नीट उत्तर मिळत नाहीं, कारण गांवकरी त्याला संगीत म्हणतच नाहींत. या प्रदेशांत पोळ्याच्या दिवशीं तोरणाखालीं झडत्या म्हणतात, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईचीं गाणीं गातात, कोठें दंडार रंगते. परंतु हीं सारीं गाणीं आपापल्या दिवसाला बांधलेलीं आहेत. दिवस सरला कीं गाणें थांबलें. वर्षांतल्या कोणत्याहि रात्रीं, कोणाच्याहि ओट्यावर सुरू होऊं शकेल असें गाणें म्हणजे भजन. आणि विदर्भाच्या भजनांत खंजिरीला मानाची जागा ज्यांनीं मिळवून दिली, त्या तुकडोजी महाराजांविषयीं आज बोलावयाचें आहे.

महाराजांना आपण राष्ट्रसंत म्हणून ओळखतों. ही पदवी त्यांना राजेंद्रप्रसादांकडून मिळाली. त्यांची 'ग्रामगीता' घरोघरीं वाचली जाते, आणि २००५ सालापासून नागपूर विद्यापीठाला त्यांचें नांव आहे. या मोठेपणाच्या वर्णनांत एक साधी गोष्ट मागें पडत गेली, ती ही कीं हा पुरुष आधीं गायक होता. उपदेश ऐकावयास म्हणून फार थोडे लोक रात्र रात्र जागतात. लोक येत ते गाणें ऐकावयास. उपदेश त्या गाण्यांतून त्यांच्या घरीं जाई.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें झाला. माणिक बंडोजी इंगळे हें त्यांचें मूळचें नांव. घरची गरिबी होती, आणि शाळा प्राथमिक वर्गांतच सुटली. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरु. माणिकचा तुकड्या झाला तो त्यांच्यामुळें. भाकरीच्या मागून आणलेल्या तुकड्यांवर वाढलेला मुलगा म्हणून तुकड्या, असें लोक सांगतात. पुढें कांहीं वर्षें रामटेक, साळबर्डी, रामदिघी येथील रानांत ते हिंडले. गवयाच्या घरीं बसून घोटलेली तालीम त्यांच्या वाट्यास आली नाहीं; देऊळ, ओटा आणि यात्रा हेंच त्यांचें गायनविद्यालय.

आतां खंजिरीकडे वळूं. लांकडाचें लहानसें कडें, त्याच्या एका बाजूस ताणून बसविलेलें कातडें, आणि कड्याच्या खाचांत खुळखुळणाऱ्या धातूच्या चकत्या. एवढाच या वाद्याचा संसार. एका हातांत धरावी आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनीं व तळव्यानें वाजवावी. धरलेल्या हाताला जरा हिसका दिला कीं चकत्या बोलूं लागतात, म्हणजे एकाच माणसाच्या हातीं ताल आणि झणत्कार दोन्ही येतात. पावसाळी हवेंत कातडें सैल पडतें आणि आवाज बसतो. मग विस्तवाच्या उबेवर शेकून तें पुन्हा ताणावें लागतें. दिसावयास क्षुद्र अशा या वाद्याचा खरा गुण असा कीं तें झोळींत मावतें. वारकरी भजनाला वीणा हवी, मृदंग हवा, टाळकऱ्यांची ओळ हवी. तो थाट सुंदर आहे. पण तो उभा करावयास दिंडी लागते. खंजिरीवाल्याला कोणाची वाट पाहावी लागत नाहीं. तो पारावर एकटा बसतो, आणि पहिलें पद संपेपर्यंत त्याच्याभोंवतीं गांव जमलेलें असतें.

महाराजांनीं वाद्याचा हा गुण पुरता ओळखला होता. स्वतःच पदें रचावयाचीं, स्वतःच गावयाचीं आणि ताल धरावयाचा तोहि स्वतःच. त्यामुळें शब्दावर जोर कोठें द्यावा, कोठें थांबावें आणि थांबलेली जागा खंजिरीनें कशी भरून काढावी, हें ठरविणारी व्यक्ति एकच असे. 'तुकड्यादास' ही मुद्रा असलेलीं हीं पदें मराठींत आहेत तशीं हिंदींतहि आहेत. कांहीं मराठी मंडळींना याचें नवल वाटतें. मला वाटत नाहीं. नागपूर त्या वेळीं मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती, त्या प्रांतांत हिंदी जिल्हे मोठे होते, आणि यात्रांतून दोन्ही भाषांचे लोक एका फडावर येत. गायकाला आपले श्रोते दिसत असतात. ग्रंथकाराला ते दिसत नाहींत.

हीं पदें पुस्तकांत वाचून तीं साधीं आहेत, त्यांत पुनरुक्ति आहे, असा शेरा मारणें सोपें आहे. तो कांहीं अंशीं खराहि आहे. परंतु ज्या ओळीला कागदावर आपण पुनरुक्ति म्हणतों, ती ओळ प्रत्यक्षांत समोर बसलेल्यांनीं उचलावयाची असते. ध्रुपद परत येतें तें गायकाला श्वास मिळावा म्हणून, आणि मागच्या रांगेंतल्या निरक्षर माणसालाहि तें पाठ व्हावें म्हणून. छापतांना त्यांतली खंजिरी गळते, मागची रांग गळते, आणि उरलेल्या शब्दांवर आपण अभिप्राय देतों!

१९३५ सालीं मोझरी येथें गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. पुढच्याच वर्षीं महाराज गांधीजींच्या सहवासांत सुमारें महिनाभर राहिले. आज ज्याला आपण सेवाग्राम म्हणतों, तें तेव्हांचें शेगांव. गांधीजी तेथें नुकतेच राहावयास आले होते. यानंतरच्या पदांत देवाच्या जोडीनें गांवची झाडलोट, अस्पृश्यतानिवारण आणि व्यसनमुक्ति हे विषय अधिकाधिक ठळक होत गेले. चाली मात्र त्याच राहिल्या. भजनाला आलेल्या माणसाला आपण सभेला आलों आहों असें वाटत नसे.

याचा परिणाम सरकारला १९४२ सालीं दिसला. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशीं, वर्धा जिल्ह्यांत आष्टी येथें आणि चांदा जिल्ह्यांत चिमूर येथें उठाव झाले. दोन्ही ठिकाणीं रक्त सांडलें. महाराजांचीं पदें त्या मुलखांत लोकांच्या तोंडीं होतीं. छापील पुस्तक जप्त करतां येतें, मुद्रणालयाला टाळें लावतां येतें. पण पाठ झालेलें पद जप्त कसें करावयाचें? तेव्हां सरकारनें गायकालाच उचललें. ऑगस्टच्या अखेरीस महाराजांना चांद्यास अटक झाली, नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यांत आलें, आणि डिसेंबरांत त्यांची सुटका झाली. ज्याच्याजवळ एका खंजिरीवांचून दुसरें हत्यार नव्हतें, त्याची ही धास्ती! कोणत्याहि संगीत-समीक्षकानें त्यांच्या गाण्याला याहून मोठी पावती दिल्याचें मला ठाऊक नाहीं.

स्वातंत्र्यानंतर त्यांनीं विनोबांच्या भूदानासाठीं आवाज लावला. १९५५ सालीं ते जपानांत विश्वधर्म परिषदेला जाऊन आले. 'ग्रामगीता'हि त्याच सुमाराची. ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं गुरुकुंजांत त्यांचें देहावसान झालें. दरवर्षीं पुण्यतिथीला मोझरीस सायंकाळीं ४ वाजून ५८ मिनिटांनीं हजारों माणसें मौन पाळून उभीं राहतात. एरव्हीं टाळ-खंजिरीनें दुमदुमणाऱ्या जागेंतली ती स्तब्धता, ऐकणाराला गाण्याइतकीच जाणवते.

त्यांच्या मागें खंजिरी थांबली नाहीं. विदर्भांत खंजिरी भजनाचीं मंडळें आहेत, त्यांच्या स्पर्धा होतात. आणि अकोला जिल्ह्यांतले सत्यपाल महाराज तर समोर सात खंजिऱ्या मांडून प्रबोधन करतात. त्या खंजिऱ्यांवर त्यांचा हात फिरूं लागला कीं लोक खूष होतात, आणि कौशल्य तसें आहेच. माझ्या कानांना मात्र तुकडोजी महाराजांच्या पदांसाठीं एकच खंजिरी पुरेशी वाटते. तीहि जुनी, जरा सैल पडलेली, आणि मधून मधून शेकून घ्यावी लागणारी.