पोरा, चहा सांग! : शेतकरी कंपनीच्या मिटींगबद्दल थोडंसं

मिटींगच्या रीतीभाती म्हटलं की डोळ्यासमोर पुण्या-मुंबईची काचेची खोली येते. मी बोलतोय ते जिंतूर, सेलू, पाथरी, पालमकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांबद्दल. गोडाऊनमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात बारदाना, अन् तिथं बसलेलं संचालक मंडळ. तीही कंपनीच आहे, आणि तिच्यात गावाचा पैसा आहे.

आधी निरोपाचं बघू. रात्री दहाला ग्रुपवर ‘उद्या ११ ला मिटींग’ टाकायचं, कोणी आलं नाही की ‘लोकांना पडलेलीच नाही’ म्हणायचं. कायद्याप्रमाणे संचालकांच्या बैठकीची नोटीस ७ दिवस आधी द्यायची, वार्षिक सभेची १४ दिवस आधी. तातडीची बैठक लवकर बोलावता येते, पण तिचं कारण लिहून ठेवावं लागतं. पेरणीच्या दिवसांत माणूस रान सोडून येतो, त्याला विषय आधी कळायला नको का? कोरम एक तृतीयांशाचा, कमीत कमी ३ जणांचा. तो भरला नाही तर घरोघरी फिरून सह्या घ्यायच्या, ही आपली फार जुनी खोड. प्रोसिडिंग बुकात हजेरी लागते, बैठक मात्र झालेलीच नसते.

आता जरा नाजूक विषय. संचालक ताई असतात, खुर्चीवर त्यांचे मालक. सगळ्यांना दिसतं, बोलत कोणी नाही, कारण पाहुण्यारावळ्यांचा मामला. माझं मत स्पष्ट आहे: दादांना रामराम करा, चहा द्या, बाहेर बसवा. ताईंना विचारा, आणि विचारल्यावर थांबा. दोन सेकंद गप्प राहिल्या की ‘त्यांचं होच आहे’ म्हणून पुढं जाऊ नका. बचत गटाचा हिशेब वर्षानुवर्षं चोख ठेवलेली बाई असते ती! खताच्या उधारीवर तिचं म्हणणं ऐकलं तर कंपनीचंच भलं.

तसंच सीईओचं. बहुतेक ठिकाणी तो नुकताच कृषी पदवी घेतलेला पोरगा. ‘पोरा, चहा सांग’ म्हणून त्याला उठवायचं अन् तेवढ्यात ठराव उरकायचा, हे बरोबर नाही. कायद्यानं तोही मंडळावर पदसिद्ध संचालक आहे. वयानं लहान आहे म्हणून घरी अरे-तुरे करा, बैठकीत नको.

तात्या-अण्णांसमोर ‘नाही’ कसं म्हणायचं, असं तरुण संचालक विचारतात. ‘तात्या, तुमचं ऐकलं, पण माझा विरोध लिहून घ्या.’ एवढं पुरे. आवाज चढवायची गरज नाही. मंडळात तात्यांचं मत एक, तुमचंही एकच.

आणि शेवटचं, बाहेरचा खरेदीदार समोर बसलेला असताना. सोयाबीनचा ओलावा १२ टक्के ठरलाय, अन् आपलाच एक जण म्हणतो, ‘आमच्याकडचा माल १४ भरतोय बहुतेक.’ दुसरा त्याच्यावर डाफरतो. खरेदीदार मात्र शांतपणे चहा पितो, अन् भाव पाडूनच उठतो. जनावरांच्या बाजारात जुने लोक रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे, चार माणसांत आकडा फुटायचा नाही. ओलावा लपवा असं मी म्हणत नाही. मीटर आणा, आदल्या दिवशी मोजा, खरा आकडा कागदावर लिहा, आणि तो एकानंच सांगायचा.


पुढच्या भागात प्रोसिडिंग कसं लिहायचं ते बघू. रामराम.