जुनी हलती चित्रे आणि नवे संगणक



संगणकात नवे काय आले, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी आज जुन्याविषयी बोलणार आहे.

असे पहा, तीस वर्षांपूर्वी कुणी संगणकावर चित्रे काढली, ती हलती केली आणि फ्लॉपीवर जपून ठेवली. फ्लॉपी शाबूत आहे, फाइलही आहे. पण ज्या प्रोग्रामने ती चित्रे काढली, तो आजच्या संगणकावर सुरूच होत नाही. मग जपले ते काय? पुस्तकाला लिपी येणारा माणूस पुरतो. फाइलबरोबर मात्र तिचा वाचणाराही जपावा लागतो.

ऑटोडेस्क ॲनिमेटर या प्रोग्रामचेच उदाहरण घेऊ. जिम केंट आणि गॅरी योस्ट यांचा हा प्रोग्राम 1989 साली डॉस संगणकांसाठी निघाला. पडदा 320 गुणिले 200 ठिपक्यांचा, रंग 256. विद्यार्थ्यांनी गुणाकार करून पाहावा. एका चित्राला 64,000 बाइट लागतात. सेकंदाला दहाच चित्रे धरली, तरी 1.44 एमबीची फ्लॉपी सव्वादोन सेकंदांत भरावी! यावर तोड अशी काढली की, पहिले चित्र पूर्ण लिहावयाचे आणि पुढे फक्त बदललेले ठिपके. पात्राने डोळा मिटला, तर डोळ्यापुरतेच लिहावयाचे. काटकसर म्हणतात ती ही.

आजच्या 64 बिट विंडोजवर असे डॉसचे प्रोग्राम चालत नाहीत. म्हणून डॉसबॉक्स वापरतात. हा 2002 सालापासून मोफत मिळणारा प्रोग्राम नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल उभी करतो. जुन्याला वाटते, आपण आपल्याच घरी आहोत. तरी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली वेगाची. नक्कल फार जलद किंवा फार मंद चालली, तर कंट्रोलबरोबर एफ 11 दाबून वेग उतरवावा, एफ 12 दाबून चढवावा. दुसरी आकाराची. त्या काळच्या पडद्यावर हे ठिपके रुंदीपेक्षा उंचीला थोडे अधिक असत. आजचे चौरस असतात. त्यामुळे तेव्हाचे गोल वर्तुळ आज चेपलेले दिसते. डॉसबॉक्समध्ये ‘आस्पेक्ट’ची सोय चालू करावी, म्हणजे वर्तुळ पुन्हा गोल होते. चित्रकाराच्या हाताला दोष देण्यापूर्वी एवढे पाहिलेच पाहिजे.

ॲनिमेटरचे नशीब चांगले. 2009 मध्ये कंपनीच्या परवानगीने केंट यांनी ‘ॲनिमेटर प्रो’ या पुढील आवृत्तीचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला केला. आता कुणीही तो वाचू शकतो, सुधारू शकतो. सर्वच प्रोग्रामांचे असे होत नाही. विक्री थांबली म्हणून मालकाचा हक्क संपत नाही. इंटरनेटवर मिळते ते सारे आपले, असे समजू नये.

पालक विचारतील, यातून मुलाला मिळणार काय? तर हेच जिम केंट पुढे जीवशास्त्राकडे वळले. 2000 साली त्यांनी साधारण महिनाभरात एक प्रोग्राम लिहिला आणि शंभर संगणक जोडून मानवी जनुकसंचाचे विखुरलेले तुकडे जुळवले. थोड्या जागेत पुष्कळ काम बसविण्याची सवय तिथेही उपयोगी पडली असावी, असे मला वाटते.

फ्लॅश तर आपल्यातील कित्येकांनी खासगी वर्गांत पैसे भरून शिकले आहे. 31 डिसेंबर 2020 रोजी अडोबीने फ्लॅश प्लेअर बंद केला. आता रफल नावाचा मोफत प्रोग्राम बऱ्याच जुन्या फ्लॅश फाइली चालवितो. पण तो एसडब्ल्यूएफ ही तयार फाइल दाखवितो. जिच्यात रेघ आणि थर बदलता येतात, ती मूळ एफएलए फाइल वेगळी. दोन्ही ठेवाव्यात.

तेव्हा घरातील कपाटात जुन्या फ्लॉप्या, सीडी असतील तर रद्दीत घालू नका. फ्लॉपीची लिहिणे रोखणारी खिडकी आधी उघडी करावी, म्हणजे चुकूनही काही पुसले जाणार नाही. यूएसबीला जोडता येणारा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो, त्यातून संपूर्ण तबकडीची प्रत काढावी. प्रोग्रामची तबकडी, तिचा क्रमांक आणि छापील माहितीपुस्तिका एकत्र ठेवावी. आणि पाकिटावर कुणी, कोणत्या साली, कशावर हे काम केले ते शाईने लिहावे. काढणारा घरात आहे तोवर त्यालाच विचारून.